पाईप ओढायचा, प्यायचा की फुंकायचा?

मिसूरीवासी
मंडळी, एक अडचण आहे. मी अमेरिकेत, मिसूरी राज्यातल्या सेंट लुईसला राहतो. इथून पश्चिमेला तासाभरावर, मिसूरी नदीच्या काठी वॉशिंग्टन नावाचं छोटं गाव आहे (राजधानी ती वेगळी). तिथे १८६९ पासून मक्याच्या कणसाचे पाईप बनतात. हेन्री टिबे नावाच्या डच सुताराने हे सुरू केलं. वाळलेलं कणीस आतून पोखरायचं, बाहेरून प्लास्टर चोपडून गुळगुळीत करायचं आणि बुडाशी एक नळी बसवायची. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी जनरल मॅकार्थरच्या फोटोत तोंडात दिसतो तो कणसाचाच. स्वस्त असतो, म्हणून नवशिक्याला सगळे हाच घ्यायला सांगतात. मीही घेतला. महिना झाला.

गेल्या रविवारी अण्णांना फोनवर म्हणालो, "अण्णा, मी पाईप ओढायला लागलोय." आमचं गाव कराडजवळ, घरचा ऊस. अण्णा म्हणाले, "तिकडं बी मजूर मिळंनात व्हय? किती इंची हाय?"

मी म्हणालो, शेतातला नाही, तंबाखूचा. चिलमीसारखा असतो. पलीकडे बराच वेळ शांतता. मग "आईकडं देतो" म्हणाले.

तर प्रश्न असे. याला मराठीत क्रियापद कोणतं? तंबाखू भरतात त्या भांड्याला काय म्हणायचं? तो दाबायच्या दांडीला? घाई केली की जीभ चुरचुरते, त्याला? तळाशी उरतं त्या काळ्या ओलसर गाळाला? इंग्रजीत प्रत्येकाला नेमका शब्द आहे. मी रोज रात्री चार ओळी मराठीत लिहून ठेवतो, आणि प्रत्येक ओळीत अडखळतो.

पिंपळपार
मराठीत धूर चार दारांनी आत जातो. 'ओढणे' हे सर्वांचं. 'पिणे' विदर्भ-खानदेशाकडे अजून ऐकू येतं, "बिडी पितो का?" असं सहज विचारतात. 'फुंकणे'मध्ये नापसंती आहे. "दिवसभर विड्या फुंकत बसतो" हे ओढणारा स्वतःबद्दल कधी म्हणत नाही, त्याची बायको म्हणते. 'मारणे' हे झुरक्याला आणि दमाला.

पाईपाबद्दल मात्र जुन्या सिनेमावर विश्वास ठेवू नका. त्यातले रायबहादूर रेशमी गाऊन घालून जिन्यावरून उतरायचे, तोंडात पाईप. त्यातून धूर निघालेला मी तरी पाहिला नाही. त्यामुळे माझी सूचना: 'पाईप धरणे'.

आणि लिंगाचं काय? चिलीम ती, विडी ती, सिगारेट ती, गुडगुडी ती. हुक्का आणि पाईप तेवढे 'तो'. ज्याला बैठक आणि नोकर लागतो तो पुल्लिंगी, जी खिशात मावते ती स्त्रीलिंगी, असा माझा कयास. व्याकरणवाल्यांनी मारू नये.

काढाचूर्ण
'पिणे' गावंढळ समजू नका. संस्कृतात धूर प्यायचीच रीत आहे, धूमपान. आपण ज्याला 'धूम्रपान' म्हणतो त्यात खरं तर एक 'र' उपरा आहे. धूम म्हणजे धूर, धूम्र म्हणजे धुराच्या रंगाचं. पण 'धूम्रपान निषिद्ध'च्या पाट्या गावोगाव लागून गेल्या, आता तो 'र' कोण काढणार?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, औषधी धुराच्या नळीला शब्दही आहे: धूमनेत्र. नेत्र म्हणजे इथे डोळा नव्हे, नळी. बस्तिनेत्रातला (एनिमाच्या नळीतला) नेत्र तोच. लांबी कामाप्रमाणे २४, ३२ किंवा ३६ अंगुळं, तीही स्वतःच्या बोटांनी मोजायची. टोकाचं भोक बोराच्या आठळीएवढं. धूर नाकाने घेतला तरी सोडायचा तोंडानेच, नाकाने सोडला तर डोळ्यांना अपाय होतो असं सांगितलंय. आत तंबाखू नाही हं, सुगंधी औषधी द्रव्यांची वात. तंबाखू आपल्याकडे आलाच नव्हता तेव्हा.

मिसूरीवासी, 'धूमनेत्र' घ्या. अण्णांना इंच विचारायची वेळ येणार नाही, अंगुळं विचारतील.

वीस वर्षांचा धूर
शब्द छान आहेत, पण वरच्या क्रियापदांत एक घोटाळा आहे, आणि तो नवशिक्याला भोवतो. मलाही भोवला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे 'ओढणे' म्हटलं की छातीपर्यंत. चिलीम तशीच ओढतात, गाल आत जाईपर्यंत. विडी तर ओढली नाही की विझते, म्हणून ती ओढत राहावी लागते. हेच अंगवळण घेऊन माणूस पाईपाकडे येतो, जोरात ओढतो, निखारा भडकतो, गरम धूर आणि वाफ थेट जिभेवर. तुमच्या चुरचुरण्याचं कारण तेच. याला मराठीत शब्द शोधायला नको, पान खाणाऱ्याला विचारा: चुना जास्त झाला की काय होतं? 'जीभ पोळते'. भाजणे म्हणजे आगीने, पोळणे म्हणजे चुन्यानेही. पाईपाने जीभ पोळतेच, दुसऱ्या दिवशी वरणसुद्धा झोंबतं.

पाईपाचा धूर तोंडातच ठेवायचा, चव घ्यायची, सोडायचा. जवळ जवळ चहाच्या घोटासारखं, तेही बशीतून भुरका न मारता. सावकाश नाकाने श्वास चालू, आणि त्या लयीत तोंडाने इवलासा धूर आत, मग इवलीशी फुंकर परत नळीत. त्या फुंकरीने निखारा जिवंत राहतो. म्हणजे गंमत बघा, बायको रागाने जे क्रियापद वापरते ते तंत्राच्या दृष्टीने निम्मं बरोबर आहे. पाईप निम्मा फुंकायचाच असतो.

आता दांडीबद्दल. ठासणीच्या बंदुकीवरून कुणीतरी 'ठासणी' सुचवेलच. नको. शब्द झकास आहे, पण तंबाखू ठासला की संपलं, धूर येतच नाही, मग पुन्हा जोर, पुन्हा जीभ. पाय चेपतात तसं वरून हलकं चेपायचं. 'चेपणी' म्हणा. भरताना तीन थर: पहिला लहान मुलाच्या हाताने, दुसरा बाईच्या, तिसरा पुरुषाच्या, असा तिकडचा जुना नियम. मग पहिली काडी नुसती वरचा थर करपवायला. तंबाखू फुगून वर येतो, तो चेपायचा, मग दुसरी काडी. मध्येच विझला तर लाजायचं कारण नाही, सगळ्यांचा विझतो.

आणि 'पेटवणे' हाही फसवा शब्द. पेटलेला पाईप म्हणजे बिघडलेला पाईप. तो धुमसत ठेवायचा असतो.

पारावरचा
चिलमीची बदनामी चालली आहे म्हणून लिहितो. चिलीम म्हटलं की गांजा, हे अण्णांच्या शांततेचं कारण. पण आमच्या आजोबांच्या चिलमीत साधा तंबाखूच असायचा. सोबत गारगोटी, चकमक आणि कापूस. काड्यापेटी महाग म्हणून नव्हे, काडीच्या गंधकाचा वास नको म्हणून. (हा त्यांचा दावा. काड्यापेटी महागही होती.)

भांड्याला वेगळा शब्द नाही कारण चिलमीत भांडं आणि नळी एकच, उभी, भाजक्या मातीची. तंबाखू खाली घसरू नये म्हणून गळ्यात एक खडा टाकतात. खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची गुंडाळी, ती छापी. साईसच्चरितात चांद पाटलाची गोष्ट आहे त्यात हे सगळं साहित्य येतं. बाबांनी चिलीम ओढायला बोलावलं, तंबाखू होता, पण विस्तव नाही आणि छापी भिजवायला पाणी नाही. बाबांनी चिमटा जमिनीत खुपसून निखारा काढला आणि सटका (हातातली आखूड काठी) आपटून पाणी. शेगावच्या गजानन महाराजांचीही अशीच विस्तवाविना पेटलेल्या चिलमीची कथा आहे. म्हणजे आपल्या संतकथांत अडचण नेहमी विस्तवाची, तंबाखूची नाही.

तळाशी उरतो तो 'गुल'. जळून राहिलेला तंबाखू गुल, आणि दिव्याच्या वातीवर जमतो तोही गुल. गुल झाडायचा. हा शब्द पाईपाला जसाच्या तसा चालेल. नळीत आत चिकटतो तो कीट.

दख्खनी
गुलबद्दल अनुमोदन. पण वर कुणाला चिलीम फार प्राचीन वाटत असेल तर: शब्द फारसीतून आला, आणि तंबाखू हा शब्द आणि वस्तू दोन्ही पोर्तुगिजांच्या गलबतांतून. दख्खनेत आधी, उत्तरेत नंतर. अकबराचा माणूस असदबेग विजापुरास आला होता, त्याने तिथे तंबाखू पाहिला आणि १६०४ च्या सुमारास तो आग्र्याला नेला. सोबत रत्नजडित लांब नळी, तोंडाला यमनी अकीक (लालसर मौल्यवान दगड). अकबराने दोनचार झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली, दरबारात वाद झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १६१७ मध्ये, जहांगीरने बंदीचं फर्मान काढलं.

सांगायचा मुद्दा, हिंदुस्थानच्या बादशहापुढे गेलेला तो पहिला पाईप आदिलशाहीतून गेला. त्या अर्थाने कराडच्या माणसाने पाईप ओढणे ही काही घसरण नव्हे.

मशेरी
मी ओढत नाही, पण शब्दांत मला रस आहे. आणि आमच्या घरातही तंबाखू होताच. आजी तव्यावर तो भाजून मशेरी करायची, तेव्हा सगळं घर खोकत अंगणात. त्यामुळे बायकांचा तंबाखूशी संबंध नाही असं समजू नये.

वीस वर्षांच्या धुराला एक प्रश्न: दुसरा थर बाईच्या हाताने, म्हणजे हलका? ज्याने हा नियम केला त्याने भाकरी थापणारीचा हात पाहिलेला दिसत नाही.

मिसूरीवासीदादा, तुमच्या कणसाच्या पाईपाला आमच्याकडे 'बुरकुंडाचा पाईप' म्हणतील. दाणे काढून उरतं ते बुरकुंड. आम्ही ते चुलीत घालतो, तुम्ही त्यात चूल घालता, एवढाच फरक. भांड्याला सरळ 'वाटी' म्हणा. लाकडी पाईपाच्या वाटीत वापरून वापरून आतून काळा थर जमतो ना, जाड्या नाण्याएवढा ठेवतात तो? ती 'खरपुडी'. भाताची खरपुडी आपण खरवडून खातो, तुम्ही ती जपता. नवा पाईप वापरायला तयार करणं म्हणजे 'मुरवणे'. आणि वाफवून, दाबून, गोड करून विकतात तो कॅव्हेंडिश तंबाखू म्हणजे तांदळासारखा 'उकडा तंबाखू', नाही का?

आता एक चढा आवाज. 'छातीत घेत नाही' म्हणजे 'काही होत नाही' असा अर्थ घेऊ नका. ओठ, जीभ, घसा यांचा कर्करोग पाईपवाल्यांनाही होतो. शब्दचर्चेत हे नको असेल तर वगळा, पण मी लिहिणार.

वीस वर्षांचा धूर
ताई, वगळायचं काय त्यात? खरंच आहे. पाईपाच्या धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच शोषलं जातं, छातीपर्यंत जावं लागत नाही. म्हणून रिकाम्या पोटी पाईप घेतला की घाम फुटतो, गरगरतं, मळमळतं. याचा शब्द मात्र मराठीत असा आहे की इतर कुणाकडे नसेल: 'लागणे'. सुपारी लागते तशी तंबाखू लागते. खडीसाखर तोंडात टाका आणि बसून राहा.

(हो, आधी 'तो तंबाखू' लिहिलं आणि आता 'ती'. लागते तेव्हा ती असते.)

उकडा तंबाखू मान्य. भाकरीबद्दल शरण.

मिसूरीवासी
सगळ्यांचे आभार. वाटी, चेपणी, गुल, खरपुडी, जीभ पोळणे, तंबाखू लागणे एवढं वहीत गेलं. धूमनेत्र आवडलं, पण तोंडातून निघेना.

काल पुन्हा फोन केला. अण्णांना आता तपशिलात सांगितलं: वाटी भरतो, हलकं चेपतो, दोन काड्या लावतो, छातीत घेत नाही, नुसता धुमसत ठेवतो, पाऊण तास. मशेरीताईंनी लिहिलेलं कर्करोगाचंही सांगितलं, तेव्हा म्हणाले, "मग कशाला वडतोस?" मी म्हणालो, ओढत नाही अण्णा, तेच तर सांगतोय. जोरात ओढलं की बिघडतं.

थोडा विचार करून म्हणाले, "म्हंजी तू निस्ता इस्तू राखत बसतोस."

विस्तव राखणे. आमच्या घरी आजी रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवायची, सकाळी काडी वाचावी म्हणून. क्रियापद म्हणून कसं वाटतं? 'मी रोज रात्री पाईप राखतो.'

पिंपळपार
'राखतो' म्हटलं की लोक विचारतील किती एकर. मी 'धरणे'वर ठाम आहे.

मशेरी
राखणे छान आहे. पण नळीतला कीट काढायला कापूस गुंडाळलेली तार वापरतात, तिला काय म्हणायचं ते राहिलंच. आमच्याकडे स्टोला पिन मारायचे. पाईपाला काय मारता?