इलेक्ट्रिक पिकअपच्या बॅटरीखाली गार्ड बसवायचाय, वेल्डिंग करू का बोल्ट?

पांदण_रस्ता (केज):
राम राम मंडळी. आठ महिन्याखाली इलेक्ट्रिक पिकअप घेतला, सकाळी वस्त्यांवरचं दूध गोळा करून अंबाजोगाईला नेतो अन् येताना पेंड, खत भरतो. डांबरीवर गाडी एक नंबर, पण शेवटचे ४ किलोमीटर पांदण हाय, उसाच्या ट्रॅक्टरनं दोन्हीकडं चाकोऱ्या पाडल्यात अन् मधल्या उंचवट्याला भरल्या गाडीचं पोट घासतंय. परवा खण्णकन आवाज आला, खाली झोपून बघितलं तर बॅटरीच्या कव्हरला वीतभर ओरखडा, रंग उडालाय, चेपलं नाही एवढंच नशीब. डिझेल गाडीचा ऑइलचा चेंबर फुटला तर नवा टाकता येतो, हितं निम्म्या गाडीचा जीव त्या डब्ब्यात हाय. ह्या मॉडेलला तयार गार्ड मिळंना. गावातला वेल्डिंगवाला म्हणतोय ३ एमएमचा पत्रा चेसिसला टाके मारून देतो, तासाचं काम. करू का?

वाळूज_फॅब्रिकेशन:
दादा टाके अजिबात मारू देऊ नका. वेल्डिंगचा करंट चेसिसमधून फिरतो अन् मोटारीचा कंट्रोलर, बीएमएस (बॅटरी सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) ह्यांची वाट लागू शकते, शिवाय ठिणगी नारंगी म्हणजे हाय व्होल्टेजच्या केबलवर पडली तर ते काम तासाचं राहत नाही. चेसिसला उभ्या बाजूनं आधीच भोकं असतात, त्यात ब्रॅकेट बोल्टनं बसवा, वरच्या-खालच्या पट्टीला नवीन भोक पाडू नका, अन् बॅटरीच्या डब्ब्याला तर ड्रिल लावायचंच नाही. मेन गोष्ट, पत्रा डब्ब्याला टेकला नाही पाहिजे. टेकलेला पत्रा असला की दगडाचा दणका सरळ आत जातो, मग गार्ड असून नसल्यासारखा. दोन बोटं गॅप ठेवा, ब्रॅकेटला रबर बुश टाका, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, हादऱ्यानं ढिले न होणारे) वापरा. मी असतो तर लोखंडाऐवजी ५ एमएम ॲल्युमिनियम घेतलं असतं, लोखंड ३ एमएम म्हणजे चौरस मीटरला साडेतेवीस किलो अन् ॲल्युमिनियम साडेतेरा, तेवढंच दूध जास्त बसंल. फक्त लोखंडी ब्रॅकेट अन् ॲल्युमिनियमच्या मधी रबराची नाहीतर नायलॉनची चकती पाहिजे, नाहीतर पाणी लागून ॲल्युमिनियम खात जातंय.

जालना_मोंढा:
वरच्या भावाचं बरोबर हाय, माझा अनुभव सांगतो. मी पत्रा बसवला पण पाणी जायला भोकंच ठेवली नव्हती. पावसाळ्यात काळा चिखल आत जाऊन बसला अन् दिवाळीला पत्रा सोडला तर आतून अख्खी वीट निघाली राव, त्यावर टायरनं उडालेल्या खडीचे दाणे रुतलेले, दोन बोटं गॅप कवाच गायब झाला होता. आता भोकं पाडलीत अन् मागची कडा उघडी ठेवलीय, धुताना पाईप लावला की लाल-काळं पाणी भसाभसा बाहेर येतंय. प्रेशरचं पाणी मात्र कनेक्टरवर मारू नका.

लातूर_ईव्ही:
अजून एक, डब्ब्याला हवा सोडायचा व्हॉल्व असतो, तो कुठं हाय ते आधी बघून घ्या अन् झाकू नका. काम सुरू करायच्या आधी सर्व्हिस सेंटरला विचारून वॉरंटीचं लेखी घ्या, तोंडी हो म्हणलेलं नंतर कुणाला आठवत नाही. अन् तो ओरखडा आधी दाखवा, फोटो काढून ठेवा.

पांदण_रस्ता (केज):
लई उपकार झाले. वेल्डिंगवाल्याला नाही म्हणलो. उद्या दूध टाकून आलो की रॅम्पवर गाडी घेऊन भोकांची मापं काढतो, व्हॉल्व पुढच्या डाव्या कोपऱ्यात दिसायलाय. वाळूजवाले दादा, मापं पाठवली तर बेंडिंग करून द्याल का?