अनुभव धागा : रोमकॉममधलं प्रेम आणि आपलं

परवा मैत्रिणीबरोबर एक रोमकॉम, म्हणजे हलकाफुलका प्रेमाचा सिनेमा, बघत होते. शेवटाकडे नायक धावत सुटला, गर्दीतून वाट काढत नायिकेपर्यंत पोचला आणि सगळ्यांसमोर त्याने प्रेमाची कबुली दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मैत्रीण मात्र मधेच उठून आतल्या खोलीत गेली. तिने नंतर कारण सांगितलं, आणि तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं. तिचा अनुभव तिला विचारूनच खाली पहिला देते आहे.

या सिनेमांचा साचा जुना आहे. १९३४च्या 'इट हॅपन्ड वन नाइट'ला ऑस्करची पाचही प्रमुख बक्षिसं मिळाली. सतत भांडणारी दोघं, एकत्र घडलेला प्रवास आणि ऐन लग्नातून पळून जाणारी नायिका हे सगळं त्यात आहे. आता डेटिंगचं अ‍ॅप आलं, स्वाइप आलं, पण एक गोष्ट तशीच राहिली. कॅमेरा दोघांच्याही खोलीत जातो. ती रात्री एकटी असताना त्याची आठवण काढते, हे आपल्याला दिसतं, त्याला दिसत नाही. म्हणून तिने नाही म्हटल्यावरही तो दारात उभा राहिला तरी आपल्याला खटकत नाही. तिच्या मनातलं आपल्याला आधीच कळलेलं असतं. प्रत्यक्षात असा कॅमेरा कुणाकडेच नसतो, आणि माझ्या मते सगळी गल्लत इथेच होते.

सिनेमातलं काय तुमच्या नात्यात शिरलं, काय उपयोगी पडलं, कशाने दुखावलं? मोकळेपणाने लिहा. नावं मात्र नकोत.

*

ती मैत्रीण मीच. एका अ‍ॅपवर ओळख झाली, दोनदा भेटलो. तिसऱ्या भेटीला मी नाही म्हटलं, नीट शब्दांत, मेसेज करून. पुढच्या सोमवारी तो ऑफिसच्या दारात फुलं घेऊन उभा. हातात पुठ्ठा, त्यावर मोठ्या अक्षरांत माझं नाव. बरोबरचे लोक टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी व्हिडिओ काढला. एक सहकारी म्हणाली, "अगं, किती नशीबवान आहेस!"

मी त्या टाळ्यांमध्ये उभी होते आणि माझ्या ऑफिसचा पत्ता याला कुठून मिळाला, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी तो कधीच दिला नव्हता. फुलं घेतली, कारण एवढ्या लोकांसमोर नाही म्हणायचा धीर झाला नाही. लिफ्टपाशी पोचेपर्यंत दांड्यांना बांधलेला ओला दोरा बोटांत रुतला होता. तो नंतर आणखी तीनदा आला. चौथ्या वेळी मी लेखी तक्रार केली, तेव्हा तीच सहकारी म्हणाली, "बिचारा, प्रेमच करत होता ना!" फुलांपेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं.

*

वरचा अनुभव वाचून राहवलं नाही. मिशिगन विद्यापीठात ज्युलिया लिपमन यांनी नेमका यावरच अभ्यास केला होता. काही स्त्रियांना पाठलाग गोड करून दाखवणारे सिनेमे दाखवले, काहींना तोच पाठलाग भीतीदायक करून दाखवणारे. भीतीदायक सिनेमे पाहिलेल्यांनी अशा वागण्याला कमी माफ केलं. गोड सिनेमे ज्यांना खरे वाटले, त्यांचा कल मात्र 'एवढं काय त्यात' असा म्हणण्याकडे जास्त दिसला. तुमच्या सहकारीचं वाक्य कुठून आलं असेल, ते यातून थोडं कळतं. तक्रार केलीत ते योग्यच केलंत.

*

मी त्या फुलं घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूचा आहे. हे लिहायला जड जातंय, पण लिहितो.

तीन आठवडे तिचं उत्तर नव्हतं. मेसेज वाचल्याची खूण दिसत होती, उत्तर येत नव्हतं. मित्र म्हणाले, समोरासमोर जा, मुलींना आवडतं. रात्रभर बसने प्रवास करून सकाळी सात वाजता तिच्या दारात उभा राहिलो. तिने दार उघडलं. हातात टूथब्रश, ओले केस, आणि चेहऱ्यावर आनंद नव्हे तर भीती. मी तोवर असं कुणालाच माझ्याकडे बघताना पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "मी उत्तर दिलं नाही ना, तेच उत्तर होतं." दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

न सांगता गायब होणं मला तेव्हाही चूक वाटत होतं, आजही वाटतं. दोन ओळी लिहिल्या असत्या तर मी गेलो नसतो. पण त्याने मला तिच्या दारात जायचा हक्क मिळत नव्हता. परतीच्या बसमध्ये मी पहिल्यांदा तिच्या बाजूने विचार केला. तोवर त्या गोष्टीत ती होती ती फक्त माझ्या शेवटासाठी.

*

+१. ही प्रतिक्रिया प्रत्येक मुलाने वाचावी असं वाटतं.

*

'यू हॅव गॉट मेल' (१९९८) माझा फार लाडका होता. मूळ कथा १९४०च्या 'द शॉप अराउंड द कॉर्नर'ची, पत्रांच्या जागी ईमेल आले. त्यात एका टप्प्यानंतर त्याला ठाऊक असतं ती कोण आहे, तिला मात्र काहीच माहीत नसतं. लहानपणी मला ते गोड वाटायचं.

मग अ‍ॅपवर एकजण भेटला. दोन महिने रोज गप्पा. मी कुठल्या कवितेचं नाव घ्यावं, त्याची तीच आवडती. मी म्हणावं मला डोंगर आवडत नाहीत, समुद्र आवडतो, त्याचंही तेच. वाटलं, हाच तो. एक दिवस त्याच्या फोनवर काहीतरी दाखवताना त्याने स्क्रीन सरकवली आणि माझ्याच सहा वर्षांपूर्वीच्या पोस्टचे स्क्रीनशॉट दिसले. फोल्डरला माझं नाव दिलेलं. त्याने आधी अभ्यास केला होता आणि मग भेटला होता. ओरडाआरडा झाला नाही, तो घाबरून म्हणाला, "तुला आवडावं म्हणून." मला राग आला त्यापेक्षा एकटं वाटलं. दोन महिने मी माझ्या स्वतःच्याच प्रतिध्वनीशी बोलत होते.

आता तो सिनेमा लागला की मी तिच्याकडे बघते. एकाला सगळं माहीत आणि दुसऱ्याला काहीच नाही, हे नातं बरोबरीचं कसं होणार?

*

मी 'तो दुसरा'. रोमकॉममध्ये नायिका ज्याला सोडून नायकाकडे धावते, तो. सिनेमात त्याला थोडा कंटाळवाणा दाखवतात, म्हणजे सोडताना कुणाला वाईट वाटत नाही. आमचा साखरपुडा झाला होता. तिचा जुना मित्र परत आला. सगळे म्हणाले, "त्यांचं खरं प्रेम होतं रे, समजून घे." समजून घेतलं. पण ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते तेव्हा मी त्यात फक्त एक अडथळा असतो. माझ्याही खोलीत कॅमेरा यायला हवा होता, एवढंच म्हणायचंय.

*

मी समलिंगी आहे. रोमकॉममध्ये आमच्या वाट्याला बहुतेकदा नायिकेचा सल्लागार मित्र आला. त्याला बोचरे संवाद असतात, घर नसतं, जोडीदार नसतो. कुणाला 'आवडतोस' म्हणायचं असेल तर नेमकं काय म्हणतात, हे मी पडद्यावर कधी पाहिलंच नव्हतं. २०१८मध्ये 'लव्ह, सायमन' आला. मोठ्या हॉलिवूड स्टुडिओने किशोरवयीन समलिंगी नायकाची प्रेमकथा काढायची ती पहिलीच वेळ. मी तेव्हा तिशी ओलांडली होती. थिएटरात शेवटचं दृश्य सुरू झालं तेव्हा मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. या सिनेमांवर टीका जरूर करा. पण ज्याला ते कधी मिळालेच नाहीत, त्याला त्यांची किंमत वेगळी कळते.

*

वरच्या प्रतिसादाशी सहमत, आणि रोमकॉमच्या बाजूने मलाही थोडं बोलायचंय. एकमेकांना टोकत, हसवत, वाद घालत प्रेम होऊ शकतं हे मला याच सिनेमांनी शिकवलं. 'व्हेन हॅरी मेट सॅली' (१९८९) मध्ये मधे मधे म्हातारी जोडपी सोफ्यावर बसून आपली भेट कशी झाली ते सांगतात. मला पूर्ण सिनेमापेक्षा ते तुकडे जास्त आवडतात. त्या सिनेमात ती दोघं शेवटी वेगळी होणार, असं आधी ठरलं होतं. दिग्दर्शक रॉब रायनर यांना चित्रीकरणाच्या काळात त्यांची पुढची पत्नी भेटली आणि शेवट बदलला.

आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. सिनेमात ओळख वाढतानाचे महिने एका गाण्यात संपतात. आमचं गाणं अजून चालू आहे. माझ्या औषधाच्या पाकिटांवर तो पेन्सिलने वार लिहून ठेवतो, कारण मी विसरते. आठवड्यातून एकदा भांडतो, कधी मी चूक असते. परवा सोफ्यावर बसून मी त्याला म्हटलं, आपण भेटलो कसे ते सांग. त्याने सांगितलेली गोष्ट आणि मला आठवते ती, दोन्ही वेगळ्याच निघाल्या. तासभर बोलत बसलो.

*

वय अठ्ठावन्न. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलीने अ‍ॅप लावून दिलं. एका बाईंशी ओळख झाली, एकदा भेटलो, छान गप्पा झाल्या. निघताना मला वाटलं, त्यांनाही बरं वाटलं असावं. पण हा धागा वाचत होतो म्हणून अंदाज बांधत बसलो नाही. सरळ विचारलं, "पुन्हा भेटायला आवडेल का तुम्हाला?"

त्या म्हणाल्या, "मला अजून कळत नाहीये. गुरुवारी सांगते."

तीन दिवस मेसेज टाइप करून पुसत होतो, पाठवला एकही नाही. गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. रविवारी भेटतोय.