मदत हवी आहे: ६ जानेवारीसाठी कागदी तारा

आम्ही म्युनिकला असतो. ६ जानेवारीला तीन राजांचा सण: पूर्वेचे ज्ञानी ताऱ्यामागून बाळ येशूपर्यंत पोचले तो दिवस. इथे सुट्टी असते, दारांवर खडूने सी, एम, बी (तीन राजांच्या नावांची आद्याक्षरं मानतात) लिहितात. त्या दिवशी आम्ही शेजारणी हाताने केलेल्या वस्तू एकमेकींना देणार आहोत. ताऱ्याचाच सण, म्हणून मी फ्रोबेल तारा (चार कागदी पट्ट्या विणून, घड्या घालून होणारा) करतेय. आठ सपाट टोकं जमतात. उभी टोकं वळवून पट्टी आत सरकवताना घोळ होतो. पट्ट्या १.५ × ४५ सेंटिमीटरच्या. प्रिंटरचा कागद फाटतो, कार्डशीट घडीवर तडकते. गोंद नको, मूळ पद्धतीत तो नसतोच. सहा तारे हवेत. कागद कोणता घेऊ, की पट्टीच रुंद करू? आणि ख्रिसमसचं झाड काढायची वेळ आली असताना तारा देणं विचित्र तर नाही ना दिसणार?