मॉमझेन : नोबेलच्या पलीकडचं काम

थिओडोर मॉमझेन या जर्मन विद्वानाची ओळख बहुतेकदा '१९०२चं साहित्याचं नोबेल मिळवणारा रोमचा इतिहासकार' एवढीच करून दिली जाते, म्हणून ही भर. माझ्या मते त्याचं खरं मोठं काम म्हणजे बर्लिन अकादमीने १८५३मध्ये हाती घेतलेला लॅटिन शिलालेखांचा संग्रह.

शिक्षण कायद्याचं, कील विद्यापीठात. १८४४ ते ४७ इटलीत हिंडताना सान मारिनोच्या बोर्गेसी या शिलालेखतज्ज्ञाकडून तो शिलालेख वाचायला शिकला. संग्रहासाठी त्याचा नियम कडक : जुन्या नकलेवर विसंबायचं नाही, दगड स्वतः पाहायचा. कारण पिर्रो लिगोरिओ या इटालियन वास्तुकारासारख्यांनी सोळाव्या शतकात बनावट लेख ढिगाने घुसडले होते. संग्रहात असे लेख वेगळे काढून त्यांच्या क्रमांकापुढे तारांकन केलेलं असतं, ते जरूर पाहा.

दगडावरच्या लेखाचा ठसा घेताना दगड धुऊन त्यावर ओला कागद पसरतात आणि ताठ ब्रशने ठोकून अक्षरांत बसवतात. खाली हवा राहिली तर अक्षर उठत नाही. पूर्ण वाळण्याआधी काढला तर कागद फाटतो किंवा खोली सपाट होते.

आणि हो, १८५१मध्ये लाइपझिगची प्राध्यापकी गेली ती राजकारणामुळे, विद्वत्तेत उणीव होती म्हणून नव्हे.