पॉइंट टू टू ला बीडीसी स्कोप घ्यावा का?

राजवाडा_22: नमस्कार मंडळी, इंदूरचाच आहे, लायसन्सची पॉइंट टू टू रायफल, 50 मीटरला झिरो केलीय (म्हणजे तिथे नेम धरला तिथेच गोळी बसते) पण 100 ला गोळी वीतभर खाली बसते. बीडीसीवाला स्कोप, म्हणजे लांबच्या अंतरांसाठी काचेत खाली जादा खुणा असलेली दुर्बीण, लावला तर नॉब न फिरवता खुणेवर धरून जमेल ना?

महूकर_काका: जमेल, आणि पटकन जमेल, पण त्या खुणा गोळीच्या एकाच स्पीडवर बेतलेल्या असतात बाळा. सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा हळू जाणारी गोळी साधारण 330 मीटर सेकंदाला, हाय व्हेलॉसिटी 380 च्या आसपास, गोळ्यांचा डबा बदलला की हिशोब बदलला. आणि झूम बघ हं, सेकंड फोकल प्लेन असेल, म्हणजे झूम केलं तरी खुणा तेवढ्याच दिसत असतील, तर खुणा एकाच झूमवर खऱ्या, बहुतेकदा फुल्लवर. माझं 9 वरून 6 वर सरकलेलं, मी आपला खुणेवर धरून मारतोय आणि काळ्या गोलाच्या वर पांढऱ्यात पाच भोकं!

स्नेहल_एस: दादा मी मिलडॉट (काचेतले मिल या मापाचे ठिपके) आणि टरेट (नेम वरखाली करायचा नॉब) वापरते. 1 मिल म्हणजे 100 मीटरला 10 सेंटीमीटर, गोळी कुठलीही असो, स्वतः मोजून वहीत लिहायचं. वेळ लागतो पण खात्री असते. मॅचसाठी घेत असाल तर आयएसएसएफ या जागतिक नेमबाजी संघटनेच्या 50 मीटर रायफलला स्कोप चालतच नाही, पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची साइट वापरतात.

राजवाडा_22: मॅच नाही ताई, हौस आहे. मग आधी एकाच गोळीचे डबे आणतो, 75 आणि 100 ला कागदावर मारून बघतो, स्कोप नंतर.