मदत हवी आहे: ब्रिजमध्ये जोडीदाराच्या टेकआउट डबलला (म्हणजे 'तुझा रंग सांग' असे सुचवणाऱ्या डबलला) १० गुणांवर काय बोलावे?

डावीकडून १ चौकट, जोडीदाराचा डबल, उजवीकडून पास. माझा हात:

इस्पिक: राजा, गुलाम, ७, ४
बदाम: राणी, १०, ६, ३
चौकट: ८, ५
किलवर: एक्का, ९, २

टीम सामना, आयएमपी (टीम सामन्यातली गुणमोजणी), दोन्ही बाजू व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही मोठे). आमच्यात १ इस्पिक म्हणजे ०-८, उडी मारून २ इस्पिक म्हणजे ९-११ गुण, फोर्सिंग नाही (जोडीदार पास करू शकतो). पास अर्थातच बाद, चौकटची दोनच पाने.

२ इस्पिक बोललो तर जोडीदाराकडे तीन इस्पिक, चार बदाम निघाले की ४-४ जुळणी हुकते. म्हणून २ चौकटचा क्यूबिड (प्रतिस्पर्ध्याच्याच रंगाची बोली) करून पाहिला. त्याने २ बदाम म्हटल्यावर गाडी अडली. मी ३ बदाम केले, त्याने ते गेम-फोर्सिंग (गेमच्या, म्हणजे मोठा बोनस देणाऱ्या बोलीपर्यंत सक्तीचे) धरले. किमान ताकदीच्या डबलवर ४ बदाम, एक डाऊन (एक हात कमी पडला).

क्यूबिडनंतरचे ३ बदाम तुम्ही केवळ आमंत्रण धरता की गेमपर्यंत सक्तीचे?