'मास्ट पेशी'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न:
आमच्या भागातील विडी कामगार स्त्रियांसाठी मी आमवाताविषयी एक माहितीपत्रक तयार करीत आहे. मूळ मजकुराचे यंत्राकडून भाषांतर करून घेतले, तेव्हा 'मास्ट सेल' या प्रतिकारयंत्रणेतील पेशीच्या नावाजागी 'डोलकाठी पेशी' असा शब्द आला. डोलकाठी म्हणजे गलबताचे शीड बांधायचा खांब. तिचा बोटांच्या सांध्यांशी संबंध काय, हे मला उमगले नाही आणि सोलापुरातील वाचकांना तर मुळीच उमगणार नाही. दुसरी अडचण 'इन्फ्लमेशन'ची आहे. माझ्या आईला आमवात आहे. सकाळी तास-दीड तास तिची मूठ मिटत नाही आणि तेंदूपान कापायची कात्री बोटांत बसत नाही. "तुझ्या सांध्यात दाह आहे," असे तिला सांगितले, तर ती म्हणाली, "दाह पोटात होतो गं, माझा तर सांधा धरलाय." हे दोन शब्द कसे लिहावेत?

प्रतिसाद:
ताई, डोलकाठीचा इंग्रजी शब्द आणि हा 'मास्ट' यांचे रूप एक असले, तरी मूळ एक नाही. पेशीचे नाव जर्मन आहे. जर्मन वैद्यक संशोधक पाउल एर्लिख यांनी 1878 मध्ये लाइपझिग येथे सादर केलेल्या प्रबंधात 'मास्टझेलेन' हा शब्द वापरला आणि जर्मन भाषेत 'मास्ट' म्हणजे जनावर पुष्ट करण्यासाठी त्याला घातलेला खुराक. पेशी कणांनी गच्च भरलेली दिसली, म्हणून हा पोषणाचा साठा असावा, असे त्यांना वाटले.

आमच्या घरी तीन पिढ्या सूत रंगवण्याचे काम झाले आहे, त्यामुळे या कथेतील मला अधिक भावणारा भाग वेगळा आहे. एर्लिख यांनी या पेशी ओळखल्या त्या कापडासाठी निघालेल्या अ‍ॅनिलिन रंगांमुळे. पातळ कापलेल्या ऊतीवर टोल्युइडिन ब्लू हा निळा रंग चढवला, तर इतर पेशी निळ्या होतात आणि या पेशींतील कण मात्र जांभळट-तांबडे दिसतात. कणांतील हेपॅरिन हे द्रव्य अतिशय आम्लधर्मी असल्यामुळे रंगाचे रेणू त्यावर दाटीने बसतात आणि छटाच पालटते. एकाच हौदात बुडवलेल्या दोन लड्या दोन छटांच्या निघाल्या, की आमचे आजोबा सूत तपासायचे, रंगाला दोष द्यायचे नाहीत.

खुराकाचा तर्क मात्र चुकीचा ठरला. या कणांत खुराक नसून हेपॅरिन, ट्रिप्टेज हे विकर आणि रक्तवाहिन्या सैल करणारे हिस्टॅमिन असते. त्यांपैकी हिस्टॅमिन या पेशींत असते, हे 1953 मध्ये रायली आणि वेस्ट या संशोधकांनी दाखवून दिले. तेव्हा 'पुष्टपेशी' असे रूपांतर केले, तर आपण जर्मन शब्दाबरोबर त्यातली चूकही मराठीत आणू. 'कणभारित पेशी' अर्थाला बरा आहे, परंतु कण इतर पांढऱ्या पेशींतही असतात. माझे मत असे, की 'मास्ट पेशी' हेच ठेवावे. 'पेशी'च्या जागी 'कोशिका' नको, तो हिंदीचा वळसा आहे.

'दाह'विषयी आपल्या आईंचे म्हणणे मला पटते. शास्त्रीय मराठीत 'दाह' रूढ असला, तरी बोलीत तो जळजळीलाच चिकटलेला आहे, आणि नुसते 'सूज' म्हटले तर लाली, ऊब व ठणका ही उरलेली तीन लक्षणे सुटतात. पहिल्या ओळीत 'दाह, म्हणजे सांधा सुजणे, लाल होणे, तापणे आणि ठणकणे' असे एकदा लिहावे आणि पुढे 'दाह' वापरावा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद:
आभारी आहे, काका. तर मग असे वाक्य चालेल का: 'मास्ट पेशींमुळे आमवात होतो'?

दुसरा प्रतिसाद:
नाही. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, आणि येथे 'मुळे' या एका शब्दयोगी अव्ययावर मला हरकत आहे. निरोगी सांध्याच्या अस्तरातही मास्ट पेशी असतात. आमवातात त्यांची संख्या वाढते. प्रतिपिंडांनी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या प्रथिनांनी, चेतवल्यावर त्या कण बाहेर टाकतात, रक्तवाहिन्या सैल करतात, आणि टीएनएफसारखी दाह वाढवणारी द्रव्ये सोडून इतर पेशींना बोलावून आणतात. 2002 मध्ये, मास्ट पेशी नसलेल्या उंदरांना संधिदाह घडवणारी प्रतिपिंडे टोचूनही त्यांचे सांधे सुजले नाहीत, आणि मास्ट पेशी परत घातल्यावर सुजले, असे दिसले. तेव्हा 'मुळे' लिहिणे क्षम्य वाटले असते. पण ते उंदीर 'किट' या जनुकातील दोषामुळे तसे झालेले होते, आणि त्या दोषाने रक्तातील इतर पेशींतही बिघाड होतो. 2011 मध्ये 'किट'ला धक्का न लावता मास्ट पेशी नाहीशा केलेल्या उंदरांवर तोच प्रयोग केला, तर सांधे नेहमीसारखेच सुजले. म्हणून 'कारण' नको आणि 'भूमिका' हा तर नाटकातला शब्द. 'हातभार' लिहावा, त्याचे वजन पुराव्याएवढेच आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद:
वाक्य आता असे केले आहे: 'आमवातात सांध्याच्या अस्तरातील मास्ट पेशी वाढतात आणि दाहाला हातभार लावत असाव्यात.' आईला वाचून दाखवले. 'हातभार' तिला लगेच समजला, पण तिची तक्रार अशी, की हातभार चांगल्या कामाला लावतात.